चांदणीवाल्याचा साचा

खेळण्यांच्या दुकानात जायचं म्हटलं की माझी नात घरूनच बजावते, आजी, तिथे काही पालथं करायचं नाही. पण हाताची सवय जात नाही. बाहुली दिसली की मी ती उचलते, पालथी करते, सांधा कुठून गेलाय ते बघते, नखाने रंग खरवडते आणि दुकानदाराला विचारते, हे कुणाचं बघून केलंय? दुकानदार चिडतात. चिडणारच. मी स्वतः सतरा वर्षं दुसऱ्यांचं बघून केलेली खेळणी रंगवली. तेव्हा आम्हाला कुणी असं विचारलं असतं तर आम्ही त्याला दारातूनच वाटेला लावलं असतं.

आमचा कारखाना जळगावात दाणा बाजाराच्या मागच्या गल्लीत होता. कारखाना म्हणजे दोन खोल्या, पत्र्याची पडवी आणि अंगण. मालक हस्तीमलसेठ. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले होते. घरचं मूळ दुकान कटलरीचं, म्हणजे बांगड्या, कंगवे, आरसे. यात्रेत बायका बांगड्या भरतात तोवर पोरं रडतात, त्यांच्या हातात काहीतरी द्यायला हवं, एवढ्या विचारावर सेठजींनी खेळणी काढली. आम्ही सहा बाया होतो आणि साच्यांचे कारागीर कादरभाई. मी नवरा गेल्यावर, बासष्ट-त्रेसष्टच्या सुमारास तिथे लागले. शाळेत चित्रकला बरी होती, एवढंच भांडवल.

काम सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्या कामावर उभी आहे. आधी कादरभाई शाडूची मूर्ती करत. तिच्यावरून प्लास्टरचा साचा घेत. साचा दोन फाळ्यांचा, एक पुढचा, एक पाठीचा. त्या फाळ्यांना आतून तेलाचा हात फिरवायचा आणि भिजवलेल्या रद्दीचे तुकडे चिंचोक्याच्या खळीत बुडवून आत एकावर एक दाबून बसवायचे. पाच थर. नाक, कान, बोटं यांत अंगठ्याने नीट दाबलं नाही तर बाहुली नकटी निघते. सुकल्यावर कागद फाळ्यातून सुटतो, मग पुढची आणि पाठीची बाजू जोडायची, वर खडू आणि सरस यांचा लेप द्यायचा, घासायचं आणि रंगवायचं. रंग पुडीचे, सरसात कालवलेले. वर रोगण नाही, कारण रोगण महाग. त्यामुळे आमच्या खेळण्याशी खेळलेलं पोर ओळखू यायचं. त्याचे हात आणि बहुतेक वेळा तोंडही लाल असायचं.

डोळे सगळ्यांत शेवटी, आणि ते माझ्याकडे. काजळीची शाई मीच करायची, कुंचला मीच बांधायची. डोळ्यांच्या बाबतीत कारखान्यात माझा एक कायदा होता. बिनडोळ्यांची बाहुली बिघडली तर खुशाल फाडा, परत भिजत घाला. पण डोळे काढले की ती फोडायची नाही. वेडीवाकडी असली तरी पडवीतल्या फळीवर ठेवायची. हा कायदा मी माहेरून आणला होता. माझे काका गणपती करायचे, त्यांच्याकडे तसंच होतं. सेठजींना तो आवडायचा. ते जैन माणूस, फोडाफोड त्यांना नकोच असायची.

आता त्या चांदणीवाल्याबद्दल. तो मूळचा एका परदेशी चित्रकथेतला वीर. त्याचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. सेठजींना तेव्हा वकिलाच्या नोटिशीची भीती वाटायची, ती त्यांनी मला देऊन टाकली आणि ती अजून माझ्याकडे आहे. तोंडावर नाकापर्यंत मुखवटा, पाठीवर आखूड झूल आणि कमरपट्ट्यावर चांदणी. रद्दीत आलेल्या एका इंग्रजी साप्ताहिकात कादरभाईंना त्याचं चित्र सापडलं. चित्र काळं-पांढरं, कमरेच्या खाली फाटलेलं आणि ओठांवर शाई पसरलेली. आम्ही सगळ्यांनी ते चित्र उजेडात धरून पाहिलं आणि ती शाई म्हणजे मिशी आहे असं ठरवलं. एवढा पराक्रमी माणूस बिनमिशीचा कशाला असेल?

कमरेखाली काय असेल यावर दोन दिवस वाद झाला. शेवटी कादरभाईंनी त्याला तुमान आणि वहाणा घातल्या. बूट केले तर साच्यात अडकतात, म्हणाले. झूल उडती ठेवली तर तुटते, म्हणून ती पाठीला चिकटवून टाकली. रंग कुठला द्यायचा ते चित्रात नव्हतं. माझ्याकडे गुलाबी पुडी उरली होती, म्हणून मुखवटा गुलाबी झाला. खऱ्या वीराचा मुखवटा काळा असतो हे मला पंधरा वर्षांनी कळलं, आणि खरं सांगते, तो मला काही पटला नाही.

हा गुलाबी मुखवट्याचा, मिशीवाला, वहाणा घातलेला वीर खानदेशात असा खपला की आम्हाला सुकवायला अंगण पुरेना. पाचोऱ्याला, दोंडाईच्याला, धुळ्याला एकवीरादेवीच्या यात्रेत, जिथे बांगड्यांची पेटी जाई तिथे हा जाई. गौरींच्या आरासीत बायका त्याला वाघ आणि शिपाई यांच्या मधे उभा करत. एरंडोलकडची एक म्हातारी तर मुद्दाम दुकानात आली. पदराखालून तिने चांदणीवाला काढला. त्याच्या कपाळावर कुंकू होतं.

"याना वार कोनता शे?" तिने विचारलं.

सेठजींनी पापणी न हलवता शनिवार सांगितला. म्हातारी समाधानाने गेली. मला मात्र दिवसभर वाटत राहिलं की ही कुणीतरी पाठवलेली आहे, आम्ही काय उत्तर देतो ते बघायला.

असंच आमचं सगळं होतं. दुसऱ्याचं उचलून केलेल्या धंद्यात शेजारी उभा राहिला तरी तो आपलं उचलायला आलाय असं वाटतं. रद्दीवाला जास्त वेळ थांबला की आम्ही साचे झाकायचो. एकदा पँट-बुशशर्टातला, चष्मा लावलेला एक माणूस दुकानात तीन चांदणीवाले घेऊन उभा राहिला आणि मुंबईच्या मराठीत विचारू लागला, हे कोण बनवतं, बघायला मिळेल का? सेठजींनी त्याला उसाचा रस पाजत बसवलं आणि मागच्या दाराने निरोप धाडला, कंपनीचा माणूस आलाय. आम्ही पाच मिनिटांत दीडशेक ओले वीर कपाशीच्या रिकाम्या पोत्यांखाली घातले, सेठाणीकडून पापडांचं पीठ आणलं आणि ओळीने पोळपाट घेऊन बसलो. तो माणूस आला तेव्हा सहा बाया खाली मान घालून पापड लाटत होत्या आणि कादरभाई, ज्यांनी जन्मात लाटणं धरलं नव्हतं, ते उन्हात पापड पसरत होते. त्याने इकडेतिकडे पाहिलं, पापडांचा भाव विचारला आणि दोन शेकडे घेऊन गेला. तो कपाशीच्या जिनिंग कारखान्यात मशीन दुरुस्त करायला आलेला फिटर होता. मुलीला खेळणी कशी करतात ते सांगायचं होतं त्याला. हे नंतर कळलं. पण तेव्हाही मी म्हणाले होते, फिटर आहे असं तो म्हणतो.

मी हे हसत लिहितेय. पण याच स्वभावाने पुढे एका माणसाचं वाटोळं केलं, आणि ते करण्यात माझा हात सगळ्यांत मोठा होता.

बहात्तरचा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षी सेठजी धुळ्याच्या यात्रेहून परत आले ते चेहरा पाडूनच. पंच्यात गुंडाळलेला एक चांदणीवाला त्यांनी माझ्यासमोर ठेवला. मी म्हणाले, आपलाच आहे. ते म्हणाले, आपला नाही, आग्रा रोडवर एका दुकानात मिळाला, आपल्यापेक्षा स्वस्त, आणि ढीग लागलाय. मी नीट पाहिलं. मिशी तीच, वहाणा त्याच, झूल पाठीला चिकटलेली तशीच. फक्त डोळे माझे नव्हते. कुणीतरी घाईघाईने दोन ठिपके दिले होते.

नक्कल होणार हे आम्ही धरूनच होतो. प्रश्न वेगळा होता. नक्कल कशी झाली? बाजारातून आमची बाहुली विकत घेऊन तिच्यावरून कुणी साचा घेतला, तर ती साधी चोरी. त्याला इलाज नाही. आम्ही तरी दुसरं काय केलं होतं? पण आमचा अस्सल साचाच कुणी चार दिवस धुळ्याला नेला असेल, तर तो घरातला माणूस.

आणि हे ओळखायची युक्ती आमच्या धंद्यात आहे. ओला कागद साच्यात सुकताना आवळतो. म्हणजे बाहुली साच्यापेक्षा लहान निघते. त्या बाहुलीवरून दुसरा साचा घेतला आणि त्यात परत कागद सुकवला की तो परत आवळतो. नऊ इंची बाहुलीची नक्कल चांगली पाव इंच आखूड भरते. ही गोष्ट मला कादरभाईंनीच शिकवली होती. मी दोरी घेतली. आमचा चांदणीवाला टाळूपासून टाचेपर्यंत मापला, मग धुळ्याचा मापला. परत मापला. धुळ्याचा आखूड नव्हता. उलट एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्तच होता.

सेठजी माझ्या तोंडाकडे बघत होते. तिथे या कामातलं मापाने सांगणारी मी एकटीच, याचा मला त्या क्षणीही अभिमान वाटला, हे लपवत नाही. मी म्हणाले, हा आपल्याच साच्यातून निघालाय. एक सूत जास्त आहे ते खडूचा लेप जाड दिल्यामुळे. नाकाडोळ्यांची कड बोथट आहे तीही त्यामुळेच. मला कुणी विचारलं नव्हतं, तरी मी तेही सांगून टाकलं.

त्यानंतर संशयाला फार लांब जावं लागलं नाही. पावसाळ्यात साचे ओल धरतात, म्हणून श्रावणात कादरभाई ते पोत्यात भरून आपल्या मेव्हण्याच्या पावभट्टीजवळ सुकवायला नेत. दरवर्षी नेत, सगळ्यांना सांगून नेत. त्यांची बहीण धुळ्याला दिलेली. वर्षातून दोनदा ते एस.टी.ने तिच्याकडे जात. इतकी वर्षं या गोष्टी आमच्या डोळ्यांसमोर होत्या. त्या दुपारी त्या सगळ्या एका रांगेत येऊन उभ्या राहिल्या. आम्हा बायांपैकी कुणाचंही माहेर धुळ्याला असतं तर एवढ्या पटकन नाव घेतलं असतं का, हा प्रश्न मी स्वतःला पुढे पुष्कळदा विचारला. ते मोहल्ल्यातले होते, आम्ही नव्हतो. मोठ्याने हे कुणीच बोललं नाही, पण एकीने "शेवटी काय" एवढंच म्हटलं आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

कादरभाई नमाज आटोपून आले. सेठजींनी त्यांना बसायला सांगितलं आणि सरळ विचारलं, साचा धुळ्याला गेला होता का. कादरभाई नाही म्हणाले. सेठजींनी माझ्याकडे बोट केलं. मी दोन्ही बाहुल्या शेजारी उभ्या केल्या आणि दोरी लावून दाखवली.

त्यांनी दोरीकडे पाहिलंच नाही. धुळ्याची बाहुली उचलली, तळहातावर तोलली, कानाशी नेऊन टिचकी मारली, अंगठा तिच्या गालावरून फिरवला. मग मला म्हणाले, "सुमनबाई, ही फोडून बघू या. आतून बघू."

मी बाहुली त्यांच्या हातातून काढून घेतली. "डोळे काढलेली बाहुली इथे फोडत नाहीत, कादरभाई. तुम्हाला माहीत आहे. का पुरावा मोडायचाय?"

हे शब्द माझे आहेत. ते मी सेठजींसमोर आणि पाच बायांसमोर बोलले. कादरभाई माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. मला साच्यात बोट कसं फिरवायचं ते त्यांनी शिकवलेलं. त्यांनी एकदा सेठजींकडे पाहिलं, सेठजी खाली बघत होते. मग त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली, कोपऱ्यातली पटाशी आणि कोरण्या फडक्यात बांधल्या आणि गेले. आपली बाजू मांडायलाही थांबले नाहीत, म्हणजे नक्कीच त्यांनीच दिला, असं मी त्या दिवशी चार जणींना पटवून दिलं.

सेठजींनी पोलिसात काही दिलं नाही. आमच्या धंद्यात पोलिसात जाणं कुणाच्याच सोयीचं नव्हतं. पण व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला सांगितलं. जळगाव, धुळे, भुसावळ, जिथे प्लास्टरचं आणि मूर्तींचं काम चालत असे तिथे कादरभाईंच्या आधी त्यांचं नाव पोहोचलं. साच्याच्या कारागिराजवळ दुसऱ्याचा साचा सोपवायचा असतो. त्याच्यावर विश्वास नसेल तर त्याच्या हाताला काय किंमत? त्यांना कुणी उभं केलं नाही.

आमचंही भलं झालं नाही. नवा कारागीर आला, त्याचे साचे दोन मोसमांत झिजले. दुष्काळात यात्रा ओस पडल्या, मग प्लास्टिक आलं. सेठजी वारले आणि त्यांच्या मुलाने त्या दोन खोल्यांत बांगड्यांची खोकी भरली. मी घरी बसून मुलींना रांगोळी आणि भरतकाम शिकवू लागले.

माझी मुलगी धुळ्याला दिली. तिच्या पहिल्या बाळंतपणाला मी तिकडे महिनाभर राहिले. शेजारी गिरजाबाई म्हणून होत्या, दुपारच्या गप्पा मारायला येत. एकदा बोलता बोलता मी खेळणी रंगवायचे हे निघालं. त्या म्हणाल्या, आम्हीही करायचो, आग्रा रोडच्या दुकानदारासाठी, त्याच्याच घरामागच्या गोठ्यात. कुठली, विचारलं तर म्हणाल्या, तो मिशीवाला, पट्ट्यावर चांदणी असलेला.

मी सरसावून बसले. आता चोर सापडणार, अशी मला अजूनही हौस होती. मी विचारलं, तुम्हाला त्याचा साचा कुणी आणून दिला?

गिरजाबाई हसल्या. "साचा कोनता, बाई? आम्हनाकडे साचाच नव्हता. तुम्हनी बाहुलीले तेल लावानं, तिनावरच कागद चिकटाडाना, सुकना का पत्तीघाई फाडी लेवाना. बठ्ठं आसंच चाले."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्या बाया साच्याच्या आत कागद बसवत नव्हत्या, आमच्या बाहुलीच्या वरून बसवत होत्या. कागद बाहुलीच्या अंगावर सुकायचा, म्हणून त्याला आवळायला जागाच नव्हती. वर थरांची जाडी. दाढीच्या पात्याने दोन्ही कुशींवरून चिरायचं, कवच सोडवायचं, परत चिकटवायचं. कुठलाही शिकलेला कारागीर असं करणार नाही, कारण त्यात कड बोथट येते. शिकलेला करणार नाही, म्हणूनच मला ते सुचलं नाही. काम न येणाऱ्या बाईने तो बोथट चेहरा पाहून सरळ म्हटलं असतं, हे वरून थापलेलं दिसतंय. मला दोरी लावता येत होती.

तरी मी शंका काढलीच. म्हटलं, ही बाई इतक्या वर्षांनी काहीबाही सांगत असेल, मालकाला वाचवत असेल. गिरजाबाईंच्या माळ्यावर एक जुना चांदणीवाला पडला होता, तो मी मागून घेतला. ओट्यावर बसून हातात धरला. त्याचे ते दोन ठिपके माझ्याकडे बघत होते. माझा कायदा मोडायला मला बराच वेळ लागला. मग मी त्याला दगडी पायरीच्या कडेवर आपटलं आणि सांध्यातून उकललं.

आत आमचा रंग होता. गुलाबी मुखवट्याचा डाग, पट्ट्याच्या जागी पिवळा, आणि कपाळाखाली पोकळ बाजूला उमटलेले दोन डोळे, पापण्यांसकट. आमच्या रंगावर रोगण नसायचं, ओल्या कागदाने तो उचलून घेतला होता. ते डोळे माझे होते. खालची पापणी कुंचला न उचलता ओढायची माझी रीत होती, ती तिथे स्पष्ट दिसत होती. कादरभाईंना आतलं बघायचं होतं ते हेच.

ते कुठे आहेत हे शोधायला मला दोन महिने लागले. पावभट्टीवाल्या मेव्हण्याने आधी माझ्याशी बोलायलाच नकार दिला, नंतर पाचोऱ्याचा पत्ता दिला. मी पिशवीत ती फुटकी बाहुली घेऊन पॅसेंजरने गेले. कादरभाई स्टेशनाच्या अलीकडच्या वस्तीत राहत होते. घरांना चुना मारायचं काम करत. हात कोपरापर्यंत पांढरे, भेगा पडलेले. त्यांच्या मुलीने मला खुर्ची दिली आणि चहा ठेवला. मी कोण ते तिला माहीत असावं; तिने कप माझ्यासमोर ठेवला पण मला घ्या म्हणाली नाही.

मी पिशवी उघडली. बाहुलीची दोन्ही फाळकी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती दारापाशी उजेडात नेली. अंगठा आतून फिरवला, कडेचे थर मोजले. "चारच थर," म्हणाले. "आणि गव्हाची खळ. म्हणून किडा लागला." मग डोळ्यांशी अंगठा थांबला. बराच वेळ त्यांनी तो तिथेच ठेवला.

मी म्हणाले, कादरभाई, माझं चुकलं. तुम्ही फोडून बघू म्हणालात आणि मी तुम्हाला नको ते बोलले. मला माफ करा. हे म्हणताना मी रडत होते आणि त्याचाही मला राग येत होता, कारण रडायचा हक्क त्या घरात माझा नव्हता.

त्यांनी फाळकी एकावर एक ठेवून माझ्या पिशवीत परत घातली. आवाज चढला नाही, उतरला नाही.

"हे मला कशाला दाखवायला आलात, सुमनबाई? मला त्या दिवशीच कळलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना दाखवा."

मी जळगावला परत आले. सेठजी नव्हते. त्यांच्या मुलाला सांगितलं, तो म्हणाला, जुन्या गोष्टी आता कशाला. आमच्यातल्या दोघी हयात होत्या, त्यांना सांगितलं. एकीने ऐकून घेतलं, दुसरी म्हणाली, पण साचे भट्टीवर नेत होतेच ना? ज्या व्यापाऱ्यांनी एकमेकांना ते नाव कळवलं होतं त्यांच्या पेढ्यांवर जाण्याचं धाडस मला झालं नाही. माझंही त्या बाजारात थोडं नाव होतं, डोळे काढणारी म्हणून, मापाची पक्की म्हणून. ते जाईल असं वाटलं. आज-उद्या करत वर्षं गेली. पाचोऱ्याहून कादरभाई वारल्याचं कळलं तेव्हा त्यांना जाऊन चार महिने झाले होते.

या अंकाच्या संपादकांनी मला जुन्या खेळण्यांच्या गमती लिहायला सांगितल्या. काही लिहिल्या आहेत. पण दिवाळीचा अंक जळगावात, धुळ्यात, भुसावळला पेढ्यांवर जातो, घरोघरी वाचला जातो, आणि पाचोऱ्याला कादरभाईंची मुलगी आता शाळेत शिकवते, तिथेही तो येत असेल. म्हणून ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. हस्तीमलसेठांच्या कारखान्यातला चांदणीवाल्याचा साचा कधीही धुळ्याला गेला नव्हता. कादरभाईंनी तो कुणाला दिला नाही. माप मी घेतलं होतं, आणि त्याचा अर्थ चुकीचा मी सांगितला.